मखमलीची लव

मास्टरांना त्यातून काय मिळायचं होतं ते आधीच मांडून ठेवू. नाहीतर पुढे कुणीतरी म्हणेल, चांगला माणूस उगाच घसरला. उगाच कुणी घसरत नाही. खाली काहीतरी पडलेलं दिसतं, ते उचलायला वाकतो, तेव्हा घसरतो.

तर पहिलं म्हणजे खिडकीजवळचं मोठं टेबल. शिवणाच्या त्या दुकानात मागच्या खोलीत सगळे ट्यूबलाइटखाली माना मोडून बसत. पुढच्या खोलीतल्या खिडकीचा उजेड मात्र एकट्या त्या टेबलावर पडे, आणि तिथे उभं राहून जो कापड बेते तोच दुकानाचा धनी. दुसरं, पितळी मुठीची मोठी कात्री. तिला मास्टरांच्या सासऱ्यांखेरीज कुणाचा हात लागलेला नव्हता. तिसरं, गिऱ्हाइकाच्या तोंडावर 'होणार नाही' म्हणण्याचा हक्क. हा हक्क वरकरणी किरकोळ वाटतो. पण ज्याने अर्धं आयुष्य 'हो, करून देतो की' म्हणण्यात घालवलंय त्याला विचारा.

आणि चौथं, जे मास्टर स्वतःशीसुद्धा मोठ्याने म्हणत नसत. टेबल आपल्याला मिळालं म्हणजे ते पाहुण्याला मिळालं नाही.

पाहुणा म्हणजे मास्टरांचा मेहुणा, सासऱ्यांचा एकुलता एक मुलगा. हे टोपणनाव दुकानातल्या कारागिरांनी ठेवलेलं. तरुणपणी तो दारूपायी घरातून नाहीसा व्हायचा, काही महिन्यांनी उगवायचा, पाहुण्यासारखा जेवायचा आणि जाताना घरातलं काहीतरी उचलून न्यायचा. मास्टरांच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तर त्याने कमालच केली. खुद्द नवरदेवाचा नवा कोरा कोट घेऊन तो पसार झाला आणि कोट पिऊन टाकला. मास्टर वेदीपुढे उभे राहिले ते सासऱ्यांच्या ढगळ कोटात. त्या फोटोत नवरदेवाने कोट घातलाय की नवरदेवावर कोट वाळत घातलाय, हे अजूनही नक्की सांगता येत नाही.

काही वर्षांनी पाहुणा परत आला, तो मात्र खरोखर परत आला. दारू सुटलेली, हात थरथरणारे, मान खाली. वडिलांनी त्याला दारातच उभं करून ऐकवलं, "माफ करतो. पण माझ्याकडे माफी एकच आहे. दुसरी मागायला येऊ नकोस." तेव्हापासून पाहुणा दुकानात कापड अंथरी, इस्त्री करी, झाडून काढी आणि कुणी काही बोललं तर हसे. असा माणूस शेजारी असला की आपण आपोआप बरे दिसतो. मास्टरांना त्याचा हाही एक उपयोग होता.

आता या दुकानाची एक रीत. इथे बेतणाऱ्याची हुशारी मोजायची ती टेबलाखालच्या कातरणाच्या ढिगावरून. कापून झालं की सासरे, ज्यांना मास्टर 'मामा' म्हणत, चप्पल काढून उघडा पाय त्या ढिगावर ठेवत आणि दाबत. घोट्यापर्यंत बुडाला तर बेतणारा अडाणी. नुसती बोटं बुडाली तर बरा. आणि पायाखाली थेट जमीन लागली तर मामा म्हणत, "हं." त्या एका 'हं'साठी माणसं त्या दुकानात जन्म काढत.

गावातल्या चर्चची नवी इमारत बांधून झाली होती. ती देवाला अर्पण करायच्या उपासनेसाठी गायकवृंदाला डाळिंबी मखमलीचे पायघोळ झगे शिवायचे होते. मामांचे गुडघे थकले होते. त्यांनी मंडळीतल्या चार लोकांदेखत जाहीर केलं, "झगे जावई बेतील. नीट झाले की त्याच रविवारपासून टेबल त्याचं, कात्री त्याची. मी घरी बसणार, पाय वर करून."

मखमलीचं एक आहे. तिला लव असते, मांजराच्या पाठीसारखी. एकीकडे हात फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर बोटांना अडते. आणि भर उजेडात एका बाजूने फिकी दिसते, दुसऱ्या बाजूने गडद. म्हणून मखमलीचे सगळे तुकडे एकाच दिशेला डोकं करून बेतायचे असतात. आता झग्याच्या कळ्या असतात वर अरुंद, खाली रुंद. साध्या कापडात एक कळी डोकं वर, शेजारची डोकं खाली, अशा एकमेकींना खेटून बसवल्या की मधे काही वाया जात नाही. मखमलीत ही चैन नाही. सगळ्या एकाच अंगाने ठेवाव्या लागतात, मधलं कापड फुकट जातं आणि टेबलाखालचा ढीग वाढतो.

मास्टरांना हे ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. त्यांनी कापडावरून हात फिरवला. लव अगदी आखूड होती, नावापुरती. हात म्हणाला, आहे. हिशेब म्हणाला, नाही म्हटलं तरी चालेल. शिवाय मोठं टेबल अजून मामांचं, म्हणून कापड मागच्या खोलीतल्या टेबलावर होतं, आणि तिथल्या ट्यूबलाइटखाली दोन्हीकडून रंग सारखाच दिसत होता.

"एक सुलटा, एक उलटा, असे मांड," ते कागदाच्या साच्यांचा गठ्ठा पाहुण्याकडे सरकवत म्हणाले.

पाहुण्याने एक साचा उचलला, कापडावर बोटं टेकवली आणि मान वाकडी केली. "दाजी, लव आहे हो याला."

"तुला कुणी विचारलं?"

"नाही. कुणी नाही."

"दारूने डोळे घालवलेस, आणि आता बोटांची हुशारी दाखवतोस?"

पाहुणा हसला. त्याने सांगितले तसे साचे मांडले, कोपऱ्यांवर इस्त्रीची वजनं ठेवली. मास्टरांनी खडू ओढला, आपली कात्री चालवली. संध्याकाळी मामा आले, चप्पल काढली, पाय ठेवला. जमीन लागली.

"हं," मामा म्हणाले. मग पाय न उचलता पुन्हा म्हणाले, "हं!"

दोनदा 'हं' हे त्या दुकानाच्या इतिहासात कुणी ऐकलेलं नव्हतं. मास्टर त्या दिवशी घरी जाताना वाटेतल्या कुत्र्यांशीसुद्धा प्रेमाने बोलले.

उपासनेच्या आदल्या सकाळी, शनिवारी, नव्या चर्चमध्ये सगळ्यांनी झगे चढवून बघितले. गायकवृंद चालवायच्या त्या सूरबाई. त्यांना माणसांची नावं आठवत नसत, कोण कुठल्या ओळीवर बेसूर होतो तेवढं पक्कं आठवे. त्यांनी सगळ्यांना वेदीपुढच्या पायऱ्यांवर उंचीप्रमाणे उभं केलं. मामा, मास्टर, पाहुणा आणि झग्यांना काजं-बटणं करणारी मास्टरांची बायको, म्हणजे मास्टरीणबाई, अशी सगळी दुकानमंडळी कौतुक बघायला खाली उभी.

नव्या इमारतीला उंच खिडक्या होत्या. ऊन वर चढलं, खिडकीतून आत शिरलं, पायऱ्यांवर आलं, आणि झग्यांचं बिंग फुटलं. एक कळी डाळिंबी, तिच्या शेजारची काळपट, पुन्हा एक डाळिंबी, पुन्हा काळपट. सगळ्या रांगांना पट्टे पडले.

"अगं बाई!" सूरबाई म्हणाल्या. "अर्धे भिजलात का सगळे?"

"बाई, आम्ही छत्र्या दिसतोय," मागच्या रांगेतून खर्जातला आवाज आला. तो खर्जात गाणाऱ्या बेकरीवाल्याचा. दोघं-तिघं हसले. मामा हसले नाहीत.

ते पायऱ्यांपर्यंत गेले. पहिल्या झग्यावरून हात फिरवला, वरून खाली. शेजारच्या कळीवरून फिरवला. मग मागे वळले.

"साचे कुणी मांडले?"

नीट ऐका. 'बेतलं कुणी' असं त्यांनी विचारलंच नाही. जावई चुकणं त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं आणि मुलगा चुकणं आयतंच बसत होतं.

मास्टरांनी तोंड उघडलं होतं. हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. पण उघड्या तोंडातून शब्द बाहेर यायच्या आत पाहुणा म्हणाला, "मी मांडले, बाबा."

मास्टरांनी तोंड मिटलं.

"मखमल आहे ही," मामा म्हणाले. "कळलं नाही तुला?"

"चुकलं, बाबा."

"चुकलं! सगळ्या मंडळीपुढे माझं नाव घालवलंस आणि म्हणे चुकलं. मी सांगितलं होतं तुला, माझ्याकडे एकच आहे. ती तू तेव्हाच घेऊन बसलास. उद्याची उपासना कर आणि मग तुझी वाट धर. सोमवारी मला दुकानात दिसू नकोस."

"अहो, एवढं कशाला?" सूरबाई मधे पडल्या. "आम्ही गाऊ की साध्या कपड्यांत."

"बाई, तुम्ही सूर सांभाळा. घर मी सांभाळतो."

मास्टरांच्या डोक्यात बेरीज आपोआप झाली. त्याला इलाज नव्हता, ते डोकंच तसं होतं. टेबल शाबूत. कात्री शाबूत. पाहुणा कायमचा बाहेर, म्हणजे मागितलं होतं त्याहून जास्तच. आणि खर्च किती? तोंड मिटण्याचा. इतका स्वस्त सौदा त्यांनी जन्मात केला नव्हता. पण ज्याने आयुष्यभर कापड घेतलंय त्याला एक कळतं. माल इतका स्वस्त मिळाला की तो उजेडात नेऊन बघावासा वाटतो, आणि मास्टरांना उजेडाची मुळीच इच्छा नव्हती.

दुपारी दुकानात मास्टरीणबाई झगे उसवत बसल्या होत्या. मास्टर उगीच त्यांच्याभोवती घुटमळले.

"अहो, साचे त्याने मांडले?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"मांडले त्यानेच."

"आणि खडू कुणी ओढला?"

"मी."

"डोळे मिटून?"

"अगं, लव इतकी आखूड होती की—"

"म्हणजे कळली होती." त्यांनी दोरा दातांनी तोडला. "माझा भाऊ या दारातून बाहेर पडला की पहिल्या कोपऱ्यावर कुठे थांबेल, ते मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे. सरका जरा, उजेड अडवताय."

मास्टर थांबून राहिले. बायको आणखी बोलली असती तर भांडता आलं असतं, आणि भांडलं की माणूस निम्मा निर्दोष होतो. पण ती बाई त्यांच्यापेक्षा हिशेबी. ती उसवत राहिली.

मग ते इस्त्रीच्या खोलीत गेले. पाहुणा आपल्या मोजक्या कपड्यांच्या घड्या घालून पिशवीत भरत होता. घड्या इतक्या नीट, की गिऱ्हाइकाला द्यायच्या आहेत असं वाटावं.

"काय रे, असं का बोललास तू?"

"कसं? साचे मीच मांडले ना."

"मी सांगितलं म्हणून मांडलेस."

"हो."

"मग तसं सांगायचं होतंस!"

"सांगितलं असतं तर तुमचं टेबल गेलं असतं." पाहुण्याने सदऱ्याची कॉलर दाबून बसवली. "दाजी, लोकांना मला वाईट म्हणायची सवय आहे. त्यांना नवीन काही शिकावं लागत नाही. तुमच्या बाबतीत बिचाऱ्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती."

मास्टरांना एकदम मार्ग सापडल्यासारखं झालं. "हां, आलं लक्षात. कोटाची परतफेड केलीस! माझा कोट गेला होता, माझं टेबल राहिलं. फिट्टंफाट. असंच ना?"

"छे हो. कोटाची कसली परतफेड? तो तर तुम्ही सोडून दिलात."

"मी? कधी?"

"असं काय करता? मी परत आलो तेव्हा. बाबांनी दारात उभं केलं होतं. मला वाटलं, आता तुम्ही कोटाचं काढणार. मी एक पाय मागे जिन्यावर टाकलासुद्धा होता. तर तुम्ही आतून म्हणालात, 'येऊ दे त्याला. तो कोट आता मला झाला तरी कुठे असता!'" पाहुणा हसला, पण त्याचे डोळे हसत नव्हते. "दाजी, त्या एका वाक्यावर मी आत आलो. त्याच्यावरच राहिलोय म्हणा ना. प्यायची हुक्की आली की मी स्वतःला सांगतो, ज्याचं घेतलंस त्यानेच सोडलं, मग आता तोंड लपवायचं कुणापासून? आणि तोंड लपवायचं नसेल तर प्यायचं तरी कशाला?"

मास्टरांना ते वाक्य चांगलं आठवत होतं. आपलं वाढलेलं पोट थोपटत त्यांनी ते म्हटलं होतं, तेही मागे उभ्या असलेल्या कारागिरांना हसवायला. निव्वळ टोमणा होता. क्षमेचा त्यात एक धागा नव्हता. त्यांनी तिकडे थुंकल्यासारखं फेकलेलं या माणसाने दोन्ही हातांनी झेललं होतं आणि वर्षानुवर्षं त्यावर गुजराण केली होती. जे कधी दिलंच नाही ते आपल्या नावावर जमा झालेलं पाहून हिशेबी माणसाला आनंद व्हायला हवा. मास्टरांना बसायला काहीतरी हवं होतं. ते गरम इस्त्रीच्या शेजारी बसले आणि लगेच उठले.

तिथून ते पाळकांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे, गेले. पश्चात्ताप झाला म्हणून गेले, असं लिहायला आवडलं असतं. खरं सांगायचं तर ते भाव विचारायला गेले.

पाळक चर्चमध्ये शिडीवर चढून खिडकीच्या काचेवरचे रंगाचे शिंतोडे खरवडत होते. "बरे आलात. शिडी धरा जरा, डुगडुगतेय."

मास्टरांनी शिडी धरली. "पाळकसाहेब, समजा, एखाद्या माणसाच्या हातून काही झालं."

"समजा."

"आणि त्याने मनातल्या मनात देवाला सांगितलं. तर ते पोचतं ना?"

"पोचतं की. पण देवाला ते आधीच ठाऊक असतं. त्याच्यासाठी ती बातमी नसते."

"म्हणजे पुरत नाही?"

"ज्याच्यावर शेकलं त्याला पुरलं का, ते त्या माणसाने बघावं."

वरून रंगाची एक खपली मास्टरांच्या डोक्यावर पडली. त्यांनी ती झटकली नाही. "बरं, आणि त्या माणसाने भरपाई केली तर? म्हणजे ज्याचं नुकसान झालं त्याला दुसरीकडे बरं काम लावून दिलं. इथल्यापेक्षा चांगलं. आणि वर चर्चला पडदे. सगळ्या खिडक्यांना, अस्तर लावून."

पाळकांनी खाली पाहिलं. "पडदे छान होतील. पण तुम्ही भाव करताय, मास्टर."

"भाव नव्हे हो. अंदाज. किती पडेल याचा."

पाळक दोन पायऱ्या खाली आले, म्हणजे दोघांची तोंडं एका पातळीवर आली. "तुम्हाला परवडणार नाही."

"असं किती आहे?"

"जीव दिलात तरी कमीच पडेल, इतकं. म्हणून तर ते दुसऱ्याने भरलं. आपण दर रविवारी इथे बसून एकमेकांना हेच सांगतो ना? प्रभूने वधस्तंभावर आपली खंडणी भरून टाकली. आता तुम्ही पडद्याचं कापड काखेत मारून कुठे निघालात?"

"मग माझ्या... म्हणजे त्या माणसाच्या वाट्याला काहीच नाही?"

"आहे की. कबूल करायचं आणि मागे वळायचं. त्याने किंमत भरली जात नाही हं, तो गैरसमज नको. पण मूठ आवळून बसलेल्याच्या हातात कुणी काही ठेवणार कसं? मूठ उघडणं तेवढं आपलं." पाळक पुन्हा वर चढू लागले. "आणि त्या माणसाला सांगा, जिथे गप्प बसला तिथेच बोल. बाजूच्या खोलीत कुजबुजला तर तिथल्यांना ऐकू जात नाही. शिडी सोडू नका!"

मास्टरांनी शिडी बराच वेळ धरून ठेवली. निदान तेवढा वेळ दुसरं काही करावं लागत नव्हतं.

रविवारी उपासनेच्या आधी गायकवृंद वेदीमागच्या खोलीत जमला. सगळे घरच्या कपड्यांत, कुणी निळ्यात, कुणी चौकड्यांत. मामा सूरबाईंची माफी मागायला आले होते आणि पाहुणा दाराशी पिशवी पायांत धरून उभा होता. उपासना संपली की तो बसस्टँडवर जाणार होता. मास्टर आत आले. त्यांच्या मागून मास्टरीणबाई आल्या आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या, म्हणजे नवऱ्याला वाटलं तरी बाहेर जाता येऊ नये.

"मला झग्यांबद्दल बोलायचंय," मास्टर म्हणाले.

"आता काय उरलंय बोलायचं?" मामा.

"साचे यानेच मांडले. पण मी सांगितलं म्हणून. मागच्या खोलीत उजेड फारच कमी अस—"

मास्टरीणबाई खोकल्या.

"उजेड होता तेवढा होता. डोळ्यांना दिसलं नाही, पण हाताला लागलं होतं. आता लव इतकी आखूड, की कुणाचाही—"

मास्टरीणबाई पुन्हा खोकल्या. सूरबाईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला धरला. त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

मास्टरांनी जमिनीकडे पाहिलं. उसवताना पहिला टाका सुटायला त्रास देतो, मग दोरा आपसूक येतो.

"मला कळलं होतं," ते म्हणाले. "यानेही सांगितलं होतं. मी त्याची दारू काढून त्याला गप्प केलं. मला ढीग लहान हवा होता, मामा. तुमचा पाय जमिनीला लागायला हवा होता. आणि काल तुम्ही विचारलंत तेव्हा मी गप्प बसलो. काल रात्रभर मी स्वतःला सांगत होतो की मी बोलणारच होतो, हाच मधे बोलला. तसं नाही. मी नव्हतो बोलणार."



"म्हणजे छत्र्या तुमच्या होत्या होय," बेकरीवाला खर्जात म्हणाला. सूरबाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि तो एकदम गाण्याची वही चाळू लागला.

"बाबा, दाजी उगाच ओढून घेतायत," पाहुणा म्हणाला. "साचे खरंच मी—"

"तू गप्प बस!" मामा ओरडले. मग त्यांना आपणच दचकल्यासारखं झालं. ते बाकावर बसले, चष्मा काढला, कोटाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "'माझ्याकडे एकच आहे,' असं म्हणालो होतो मी याला," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "माझ्याकडे! जशी काही मी बेतून ठेवली होती माफी, आणि कापड संपलं. मी स्वतः कितीदा मागून घेतलीय देवाकडून, तेव्हा कुणी मला संपली म्हटलं नाही." त्यांनी मुलाकडे पाहिलं. "पिशवी ठेव खाली."

पाहुण्याने पिशवी ठेवली. ती आधीपासून खालीच होती. त्याने उचलून पुन्हा ठेवली.

आता मास्टरांना धीर आला आणि ते भडाभडा बोलू लागले. "मामा, कात्री याला द्या. मला टेबल नको. कापडाचं मी भरतो, हळूहळू फेडीन. झगे मी एकटा शिवीन, सुट्टीच्या दिवशी बसून. कारागिरांना सांगतो, आजपासून झाडलोट माझ्याकडे—"

"झालं तुझं?" मामा म्हणाले. "काय काय वाटत सुटलायस? टेबल माझं, कात्री माझी. दुकानाची केरसुणीसुद्धा माझी. तुझ्याकडे द्यायला आहे काय?"

"काहीतरी घ्या हो, मामा." मास्टरांचा आवाज फाटला. माणूस उसने पैसे मागतो तेव्हा असा आवाज ऐकलाय. देणं घ्या म्हणून कुणी इतकं काकुळतीला आलेलं त्या खोलीत कुणी पाहिलं नव्हतं.

"नाही घेत. बेतणारा तूच. याच्या हाताला अजून कंप आहे, त्याला कात्री धरवायची नाही आणि त्याने ती मागितलीही नाही. पण हा 'दाजी, थांबा' म्हणाला की तू थांबायचंस. कळलं?"

"कळलं."

"आणि नवा तागा मी आणतो. झगे पुन्हा उभे राहीपर्यंत मीही येणार दुकानात. पाय वर करून बसायचं पुढच्या वर्षी बघू." मामा गुडघ्यांवर हात टेकत उठले. "ढिगावर पाय ठेवत होतो मी इतकी वर्षं! कापडावर हात ठेवायचा सोडून."

घंटा झाली. सूरबाईंनी सगळ्यांना बाहेर हाकललं. बाहेर बाकावर जागा कमी होती. मास्टर पाहुण्याच्या शेजारी अंग चोरून बसले.

"दाजी," पाहुणा कानाशी म्हणाला, "आता तुम्हाला मालक म्हणायचं का?"

"म्हण काय म्हणायचं ते. तूर्त सरक, अर्धा लोंबकळतोय मी." मग थोड्या वेळाने, समोर बघतच, "त्या कोटाचं. तेव्हा मी ते सोडून द्यायला म्हटलं नव्हतं रे. तुला लागावं म्हणून म्हटलं होतं."

पाहुण्याने आणखी थोडं सरकून जागा केली.

"आज म्हणतो," मास्टर म्हणाले. "सोडला."

पाहुण्याने मान हलवली.  आपला हात त्याने मास्टरांच्या गुडघ्यावर ठेवला आणि तिथेच राहू दिला.

गाणं झालं, उपदेश झाला, प्रभुभोजनाची तयारी झाली. पांढऱ्या कापडाखालून भाकर आणि प्याला बाहेर आले. रांगेरांगेने लोक पुढे होऊ लागले, आणि मास्टरांचं डोकं सवयीने शेवटचा ताळा करू लागलं. मिळालं कुणाला? टेबल त्यांनाच, कात्री त्यांनाच, शेजारी बसलेला मेहुणाही त्यांनाच. आणि भरलं कुणी? कापड मामांनी, वर आपली विश्रांती. नाव पाहुण्याने, तेही न मागता. झगे उसवून सुजलेली बोटं बायकोची. सूरबाईंनी आपली हौस दिली. मास्टरांच्या रकान्यात चार वाक्यं, तीही दोन खोकल्यांच्या आधाराने निघालेली. एवढ्यात एवढं कुठल्याच दुकानात येत नाही. तफावत राहते, आणि फार मोठी राहते.

पाळक समोर आले तेव्हा मास्टरांचा हात खिशाकडे गेला होता. त्यांनी तो मागे घेतला आणि रिकामाच पुढे केला. राहिलेली सगळी तफावत ज्याने भरली, त्याच्या नावाने पाळकांनी त्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला.